डब्याला बारकोड नसतो

शाळकरी मुलांनी पौष्टिक खावं म्हणून त्यांच्यासाठी मोबाईलवर अ‍ॅप काढायचं, ही कल्पना मला मुळातच पटत नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना माझं म्हणणं पटणारच नाही त्यांना उगीच शेवटपर्यंत वाचायचे कष्ट नकोत. बाकीच्यांनी जरा बसून घ्या. विषय वाटतो तेवढा छोटा नाही.

प्रकार काय आहे ते आधी सांगते. हल्ली बऱ्यापैकी फी घेणाऱ्या शाळांतून पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप येतो, की अमुक अ‍ॅप डाउनलोड करा. मग रोज मुलाच्या डब्याचा फोटो काढून त्यावर टाकायचा. अ‍ॅप डब्याला तारे देतं. तारे साठले की कार्टूनमधल्या एका सशाला नवीन टोपी मिळते, आणि महिनाअखेरीला वर्गात पहिला कोण, दुसरा कोण याची यादी लागते. काही अ‍ॅप्समध्ये पाकिटावरचा बारकोड स्कॅन केला की आत साखर किती, मीठ किती ते कळतं. काहींत मुलानं दिवसभरात काय खाल्लं ते स्वतःच नोंदवायचं, आणि प्रत्येक पदार्थाला सिग्नलसारखा लाल, पिवळा नाहीतर हिरवा रंग मिळतो. हेतू चांगला आहे, यात वाद नाही. हेतू वाईट असता तर एवढं लिहायची गरजच नव्हती, दोन वाक्यांत निकाल लावला असता.

आमच्या इमारतीत चौथीतला एक मुलगा आहे. त्याची आजी माझी मैत्रीण. तिनं एक दिवस डब्यात नाचणीची भाकरी, मेथीची परतून भाजी आणि शेंगदाण्याची चटणी दिली. अ‍ॅपनं भाकरीला चॉकलेट केक ठरवलं! भाजी त्याला थोडीफार कळली, चटणी अजिबात नाही. एकूण दोन तारे. दुसऱ्या दिवशी सुनेची सकाळची मीटिंग होती, तिनं 'मल्टिग्रेन' असं मोठ्या अक्षरात छापलेला बिस्किटांचा पुडा दिला. बारकोड स्कॅन केला, चार तारे. आजी तणतणत माझ्याकडे आली. मुलगा मात्र खूश! त्याला त्या दोन दिवसांत एवढंच कळलं, की आजीची भाकरी म्हणजे दोन आणि दुकानातला पुडा म्हणजे चार.

तुम्ही म्हणाल, अहो, अ‍ॅप सुधारेल, पुढच्या वर्षी त्याला नाचणीही ओळखता येईल. येईलही. पण माझी तक्रार त्याच्या नजरेपुरती नाही. यंत्राला आधी वाचता येतं ते छापलेलं. ज्याचं वजन, घटक, टक्केवारी कारखान्यानं पाठीमागे छापून ठेवली आहे, ते त्याच्या ओळखीचं. गवार, चाकवत, हुलग्याचं माडगं, रात्रीच्या भाताला सकाळी दिलेली फोडणी, हे सगळं त्याच्या दृष्टीनं परकं. प्रत्येक घरी वेगळं, प्रत्येक हाताला वेगळी चव, तेल कधी जास्त कधी कमी. डब्याला बारकोड नसतो. मुलांनी वळायला हवं ते नेमकं या बिनाबारकोडच्या खाण्याकडे, आणि त्यासाठी आपण त्यांच्या हातात देतो ते साधन बारकोडच्या खाण्याशी जास्त सलगी असलेलं. हे म्हणजे पोहायला शिकवायला घोड्यावर बसवण्यासारखं झालं.

आता ताऱ्यांबद्दल. हा प्रयोग नवा नाही बरं का. ऐंशीच्या दशकात आमच्या शाळेत एक बाई होत्या, फार कळकळीच्या. मधल्या सुट्टीनंतर जो रिकामा डबा दाखवेल त्याच्या नावापुढे त्या तक्त्यावर चांदणी काढायच्या. पहिला आठवडा काय तो उत्साह! सगळे डबे लख्ख. दुसऱ्या आठवड्यात शाळेच्या मागच्या भिंतीपाशी दोन कुत्री मुक्कामाला आली आणि बघता बघता गुबगुबीत झाली. मुलांना बाईंनी भाजी खायला सांगितली होती, पण चांदणी रिकाम्या डब्याला होती. मुलं हुशार असतात, ती नेहमी ज्याला बक्षीस आहे तेच करतात. अ‍ॅपलाही डब्याचा फोटो सकाळी घरून निघताना मिळतो. पुढे त्या भाजीचं काय झालं हे त्याला कुठे कळतं? कुत्र्यांना तरी कळत होतं.

माझं हे निरीक्षण म्हणजे काही शास्त्र नव्हे. पण शास्त्रज्ञांनीही याचा विचार केलेला आहे. अमेरिकेत मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. चित्रं काढायला मनापासून आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना त्यांनी 'चित्र काढलंत तर बक्षीस देऊ' असं सांगितलं, दिलंही. नंतर हीच मुलं मोकळ्या वेळात पूर्वीपेक्षा कमी चित्रं काढू लागली. खाण्याच्या बाबतीत लीन बर्च या संशोधिकेनं ऐंशीच्या दशकात लहान मुलांवर असंच काम केलं. एक पेय पिण्याबद्दल बक्षीस देऊन पाहिलं, तर मुलांची त्या पेयाची आवड उलट कमी झाली. 'हे खाल्लंस तर ते देईन' यातून मुलाला कळतं ते असं, की ज्याअर्थी लाच द्यावी लागते त्याअर्थी 'हे' वाईटच असणार! याच बाईंनी आणखीही एक गोष्ट दाखवली, की नवीन पदार्थ मुलांनी पुन्हा पुन्हा चाखला की तो हळूहळू आवडू लागतो. एकदा-दोनदा नव्हे, आठ-दहा वेळा. बक्षीस नाही, भाषण नाही, नुसतं ताटात येत राहायला हवं. आपल्या आज्यांनी हे कोणत्याही विद्यापीठात न जाता केलं. कारल्याची एक फोड प्रत्येकाच्या पानात पडायचीच, 'टाकायची नाही, एवढी एकच' म्हणून. (काही ठिकाणी छोटी छोटी बक्षिसं देऊन मुलांना भाजीची पहिली चव घ्यायला लावण्यात यश आलं आहे, हेही खरं आहे. तिथेही काम केलं ते चाखण्यानं.)

पण तारे, रंग, ससा हे सगळं बाजूला ठेवलं तरी माझा मुख्य आक्षेप वेगळाच आहे. हे अ‍ॅप उपदेश कुणाला करतं? मुलाला. आणि निर्णय कुणाचा? दहा वर्षांच्या पोराच्या हातात काय असतं हो? वाणसामान तो आणत नाही. स्वयंपाक तो करत नाही. आई कामावरून किती वाजता येते, बापाचा पगार झाला की नाही, भाजी ऐंशी रुपये किलो झाली की शंभर, यातलं काही त्याच्या हातात नाही. शाळेच्या कँटीनमध्ये काय ठेवायचं ते तो ठरवत नाही. फाटकाबाहेर पाच रुपयांना लोंबणारी चकचकीत पाकिटं त्यानं लटकवलेली नाहीत, आणि त्यांची जाहिरात त्यानं केलेली नाही. ज्यांच्या हातात काही आहे अशी सगळी मोठी माणसं सोडून, ज्याच्या हातात काहीच नाही त्याला आपण रोज गुण देतो आणि वर त्याला 'सवय लावणं' असं नाव देतो.

मधल्या सुट्टीतला डबा ही काय चीज आहे ते शिक्षकांना विचारा. डबा म्हणजे घरच्या परिस्थितीचा उघडा दाखला असतो. माझ्या वर्गात एक मुलगी होती, तिच्या डब्यात महिन्यातले वीस दिवस चपाती आणि गूळ असायचा. ती घोळक्यात बसायची आणि गोल फिरता फिरता कुणाची भाजी, कुणाची उसळ तिच्या डब्याच्या झाकणात येऊन पडायची. कुणी त्याचा उच्चार करत नसे. आठ वर्षांच्या मुलींना ही रीत कुणी शिकवली होती कोण जाणे. आता त्या गुळाच्या डब्याचा फोटो काढून अ‍ॅपवर टाका, त्याला एक तारा द्या, आणि महिनाअखेरीला तिचं नाव यादीत तळाशी लावा. चालेल? आणि नाव लावत नाही, नुसता आकडा दाखवतो असं म्हणू नका. मुलांना आकडा कुणाचा ते पाच मिनिटांत कळतं.

परदेशातल्या दोन गोष्टी सांगते, कारण आपल्याकडे असली अ‍ॅप्स 'तिकडे हे सगळं चालतं' म्हणून येतात.

पहिली इंग्लंडची. तिथल्या सार्वजनिक आरोग्य खात्यानं जानेवारी २०१६ मध्ये 'शुगर स्मार्ट' नावाचं अ‍ॅप काढलं. बारकोड स्कॅन करा, आत साखरेचे किती चौकोनी खडे आहेत ते पडद्यावर दिसेल. कल्पना गमतीदार होती, लाखो लोकांनी ते घेतलंही. त्याच वर्षी मार्चमध्ये तिथल्या सरकारनं दुसरी एक घोषणा केली, साखर घातलेल्या थंड पेयांवर कर. तो एप्रिल २०१८ पासून लागू झाला. १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅम किंवा जास्त साखर असेल तर तेव्हा लिटरमागे १८ पेन्स, ८ ग्रॅम किंवा जास्त असेल तर २४ पेन्स असा दर होता. हा कर मुलांवर नाही, पालकांवर नाही, पेय बनवणाऱ्यांवर आणि आयात करणाऱ्यांवर. झालं काय, तर कर लागू होण्याच्या आधीच कंपन्यांनी धडाधड आपल्या पेयांतली साखर कमी करायला घेतली. २०१५ ते २०१९ या काळात कराच्या कक्षेतल्या पेयांमधली सरासरी साखर चाळीस टक्क्यांहून जास्त घटली. एकाही मुलाला काहीही स्कॅन करावं लागलं नाही. त्याला साखर म्हणजे काय हे कळलं नसेल तरी ती त्याच्या पोटात कमी गेली. अ‍ॅप मुलाला सांगत होतं, 'बाळा, तू जपून पी.' कर कारखान्याला सांगत होता, 'तू कमी घाल.' दोन्हींत फरक आहे की नाही?

दुसरी अमेरिकेची, जास्त वाईट. वजन कमी करण्याचा धंदा करणाऱ्या वेट वॉचर्स या प्रसिद्ध कंपनीनं ऑगस्ट २०१९ मध्ये 'कुर्बो' नावाचं अ‍ॅप आणलं. वय वर्षं ८ ते १७ यांच्यासाठी. आठ! म्हणजे आपल्याकडची तिसरी. मुलांनी आपलं वजन, उंची, रोजचं खाणं त्यात नोंदवायचं, पदार्थांना लाल, पिवळा, हिरवा रंग. खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या डॉक्टरांनी आणि पालकांनी तेव्हाच ओरड केली, की या वयात मुलांना असं मोजायला लावलं तर काही मुलं जेवणाचाच धसका घेतील. मार्च २०२२ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं या प्रकरणात कंपनीला १५ लाख डॉलर भरायला लावले. कारण, तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांच्या रीतसर संमतीशिवाय गोळा केली होती. ती माहिती पुसून टाका, एवढंच नाही, तर तिच्यावर बेतलेली गणितंही नष्ट करा, असा आदेश होता. त्या वर्षी ते अ‍ॅप बंदही झालं. तेव्हा ग्रुपवर आलेल्या लिंकवर बोट दाबण्याआधी, आपल्या मुलाचं वजन, डबा आणि वेळापत्रक नेमकं कुणाच्या कपाटात जाऊन पडणार आहे, हे एकदा विचारायला काय हरकत आहे?

आता आपल्याकडे येऊ. माझी हयात अनुदानित आणि जिल्हा परिषदेच्या शाळांच्या जगात गेली, त्यामुळे 'मुलांचं खाणं' म्हटलं की मला डाएट-बिएट आठवत नाही, भूक आठवते. १९७२ च्या दुष्काळातली सुकडी माझ्या पिढीच्या जिभेवर अजून आहे. पुढे १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्र सरकारची पोषण आहाराची योजना आली, तेव्हा आम्ही महिन्याला तीन किलो तांदूळ मोजून द्यायचो, ८० टक्के हजेरी असेल त्याला. वर्गात पोती, तराजू आणि मुलांच्या पिशव्या. तो तांदूळ घरी जायचा आणि घरातल्या सगळ्यांत वाटला जायचा. ते साहजिकच होतं, भुकेल्या घरात एकट्या पोराचा तांदूळ वेगळा कोण शिजवणार? मग २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला, की शाळेत शिजवलेलं अन्नच द्या. त्यानंतर आमच्याकडे खिचडी सुरू झाली. शिक्षकांत कुरकुर झाली, 'आता आम्ही आचारी झालो' म्हणून. पण पटावर असून न दिसणारी मुलं दुपारपर्यंत थांबायला लागली, हे कुरकुरणाऱ्यांनाही दिसत होतं. पंगत बसायची. कोणत्याही जातीचं पोर कोणत्याही जातीच्या पोराशेजारी एकाच बाईच्या हातचं खायचं. या एका गोष्टीसाठी मी त्या खिचडीचे सगळे दोष माफ करते.

आज त्या योजनेचं नाव पीएम पोषण आहे, २०२१ पासून. पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं, असा नियम आहे. धान्य वेगळं मिळतं. डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन यांसाठी १ मे २०२५ पासून ठरवलेला दर किती? पहिली ते पाचवीसाठी एका मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे. पुढच्या वर्गांसाठी १० रुपये १७ पैसे. पुन्हा वाचा. सहा रुपये अठ्ठ्याहत्तर पैसे. यात वीस ग्रॅम डाळ आणि पन्नास ग्रॅम भाजी बसवायची आहे. साध्या टपरीवर एवढ्यात चहाही धड येत नाही.

आणि यात अ‍ॅप कुठे आहे? आहे ना! आज किती मुलं जेवली, याचा आकडा शिक्षकांनी रोज मोबाईल अ‍ॅपवर भरायचा. दोनशिक्षकी शाळेतला गुरुजी रेंज मिळावी म्हणून मैदानाच्या कोपऱ्यात हात उंच करून उभा असतो, ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. हिशेब ठेवायला माझी ना नाही, सार्वजनिक पैसा आहे. पण आकडा म्हणतो '४२ लाभार्थी'. भाजीत भाजी होती की नुसतं पाणी, हे आकडा म्हणत नाही. अंगणवाडीतही तेच. २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर आला, त्याच वर्षी राज्यातल्या हजारो सेविकांनी धड न चालणारे मोबाईल परत करायचं आंदोलन केलं. २०२५ मध्ये घरपोच आहार घेणाऱ्या आईचा चेहरा अ‍ॅपशी जुळवायचा नियम आला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३६ टक्के मुलं वजनानं कमी आणि ३५ टक्के उंचीनं खुरटलेली निघाली. हीच मुलं पुढे पहिलीत येतात. त्यांना भाजीचं महत्त्व सांगणाऱ्या सशाची गरज आहे असं खरंच कुणाला वाटतं का?

अंड्याची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या सरकारनं ठरवलं, शाळेत आठवड्यातून एक अंडं द्यायचं, न खाणाऱ्याला केळं. मुलांना अंडं म्हणजे सण! मग काही लोकांच्या भावना दुखावल्या. आणि जानेवारी २०२५ मध्ये शासन निर्णय आला, अंड्यासाठी आणि गोड पदार्थातल्या साखरेसाठी वेगळा निधी नाही, द्यायचं असेल तर लोकसहभागातून द्या. लोकसहभाग म्हणजे काय, तर गुरुजींनी गावात पावतीपुस्तक घेऊन फिरायचं. तिकडे तमिळनाडूत आठवड्यातले पाचही शाळेचे दिवस अंडं मिळतं, आणि सप्टेंबर २०२२ पासून प्राथमिक शाळेत सकाळची न्याहारीही सुरू झाली आहे. तमिळ मुलांना अंड्याचं महत्त्व कुठल्या अ‍ॅपनं पटवलं असेल बरं? अंडं ताटात आलं, मुलांनी खाल्लं. संपला विषय.

शहरी, पैसेवाल्या घरांचा प्रश्न वेगळा आहे, तिथे भूक नाही, उलट पाकिटं जास्त आहेत, हे मला मान्य आहे. पण तिथेही नियम आधीच आहेत! अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायला मनाई आहे. पन्नास मीटर! आपापल्या शाळेबाहेर जाऊन पावलं मोजा आणि काय काय लोंबतंय ते बघा. मे २०२५ मध्ये सीबीएसईनं शाळांना 'साखर फलक' लावायला सांगितलं, कोणत्या पेयात किती साखर ते भिंतीवर लिहायचं. हे मला बरं वाटलं. भिंत निदान कुणाचं वजन विचारत नाही.

'बाई, तुमचं वय झालं, तुम्हाला मोबाईलचा राग आहे,' असं माझा भाचा म्हणतो. मोबाईलचा राग असता तर हे मी कशावर लिहिते आहे? फोनवर मराठी टाईप करायला मी साठी ओलांडल्यावर शिकले, आणि राजगिऱ्याची भाजी करताना अजूनही व्हिडिओ बघते. आईबापांनी आपल्यासाठी अ‍ॅप वापरावं, बारकोड स्कॅन करून घरात काय येतंय ते तपासावं, मी टाळ्या वाजवीन. मुलाच्या ताटात आणि मुलाच्या मनात त्याला बसवू नका, एवढंच म्हणते. आधीच आपण काय करून ठेवलं आहे ते पाहा. काऊचा घास, चिऊचा घास बंद होऊन वर्षं झाली. दोन वर्षांचं मूल समोर कार्टून लावल्याशिवाय तोंड उघडत नाही. तोंडात काय गेलं ते त्याला कळत नाही, पोट भरलं तेही कळत नाही. त्याच मुलाला आठव्या वर्षी 'लक्ष देऊन, नीट खा' हे सांगायला पुन्हा तोच पडदा! सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२ मध्ये रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास मोबाईल आणि टीव्ही बंद ठेवायचं ठरवलं. मुलांचा अभ्यास व्हावा म्हणून. पण जेवणाची वेळही साधारण तीच असते. असं एखादं गाव मला दहा अ‍ॅप्सपेक्षा हुशार वाटतं.

मग करायचं काय, असं विचाराल. नवीन काही शोधायला नको. गांधीजींच्या नई तालीममध्ये सेवाग्रामला स्वयंपाकघर हा शाळेचाच भाग होता. मुलं निवडायची, चिरायची, वाढायची. जपानमध्ये आजही प्राथमिक शाळेत मुलं डोक्याला टोप्या बांधून वर्गमित्रांना जेवण वाढतात, शिक्षक त्यांच्यासोबतच जेवतात, आणि २००५ मध्ये तर त्यांनी आहारशिक्षणाचा कायदाच केला. आपल्याकडेही परसबागा केलेल्या शाळा आहेत. स्वतः लावलेली पालकाची जुडी मूल ज्या ऐटीत घरी नेतं ती ऐट मी पाहिली आहे, आणि ती भाजी ते खातंच. आमच्याकडे खिचडी करणाऱ्या मावशींना कोणत्या पोराला शेपू चालत नाही, कोण आज सकाळपासून उपाशी आहे, कोण दुसऱ्यांदा मागायला लाजतं, हे तोंडपाठ असायचं. मेथी इतकी बारीक चिरून डाळीत लोटायच्या, की पोरं बोटं चाटून जायची आणि वर 'मावशी, आज डाळीत काय होतं?' विचारायची. 'सांगत नाही जा,' म्हणायच्या.

अशा मावशींचं मानधन आपल्या राज्यात २०२३ मध्ये दीड हजारावरून अडीच हजार झालं. महिन्याचं. तेही वर्षातले दहा महिने.

तेव्हा पालकमंडळी, पुढच्या वेळी ग्रुपवर तसा निरोप आला तर मुख्याध्यापकांना तीन प्रश्न विचारा. या अ‍ॅपचे पैसे कोण देतं, मुलांची माहिती कुठे जाते, आणि आपल्या कँटीनमध्ये आज काय विकलं? चौथा विचारावासा वाटला तर हाही, की मधली सुट्टी वीस मिनिटांची का आहे? हात धुऊन, रांगेत उभं राहून, भाकरी चावून खायला किती वेळ लागतो ते त्यांनी स्वतः एकदा घड्याळ लावून बघावं. काय उत्तरं येतात ती मलाही कळवा.